रेसकोर्सवरची रहस्यकथा: घोड्याची अदलाबदल आणि तबेल्यातला मृत्यू पटण्यासारखा कसा लिहावा?

अर्धविराम

साधारण पाच हजार शब्दांची रहस्यकथा लिहायला घेतली आहे. पार्श्वभूमी घोडदौडीची. सांगाडा असा आहे:

मोठ्या शर्यतीच्या दोन दिवस आधी फेव्हरिट, म्हणजे सगळ्यांत जास्त पसंतीचा, घोडा तबेल्यातून हलवतात आणि त्याच्या जागी दिसायला तसाच, पण पळायला मंद असा घोडा आणून बांधतात. शर्यतीत तो हरतो. त्याच रात्री त्याचा मोतद्दार, म्हणजे घोड्याची निगा राखणारा माणूस, घोड्याच्या खणात मरून पडलेला सापडतो. डोक्यावर नालाच्या आकाराची जखम असते, त्यामुळे घोड्यानं लाथ मारली असंच सगळे धरून चालतात. छडा लावते ती रेसकोर्सवरची पशुवैद्य, पोलीस नव्हे.

अडलंय ते इथे. घोडा तोच आहे हे शर्यतीआधी कसं तपासतात आणि त्यातून निसटायला फट कुठे असते? फेव्हरिट हरल्यावर नेमका पैसा कोणाच्या खिशात जातो? उत्तेजकं, विषं वगैरे आणावीत का, की त्यानं कथा फार गर्दीची होईल? आणि लाथेची जखम व माणसाच्या हातून झालेली जखम यांत डॉक्टरला कळेल असा फरक असतो का?

---

हिशेबनीस

पैशापासून सुरुवात करतो, कारण तुमच्या सांगाड्यात एक गोष्ट उलटी आहे. ती आत्ताच सरळ केली नाही तर रेस जाणणारा वाचक दुसऱ्याच पानावर कथा सोडून देईल.

घोडा *हरावा* म्हणून कोणी अदलाबदल करत नाही. हरवणं फार सोपं आहे. शर्यतीच्या दिवशी घोड्याचं चारा-पाणी काही तास आधी काढून घेतात. त्याऐवजी ऐन वेळी पाण्याची बादली पुढे ठेवली तर दहा लिटर म्हणजे दहा किलो जादा वजन पोटात घेऊन तो धावतो. जॉकी सामील असेल तर तेवढंही नको. गेट उघडताना क्षणभर लगाम धरून ठेवायचा, वळणावर घोडा बाहेरून न्यायचा, किंवा पहिल्या टप्प्यात नको इतका पळवून दमवायचा. या कामासाठी दुसरा घोडा मिळवणं, रंगवणं, वाहनातून आणणं आणि चार-पाच तोंडं बंद ठेवणं कोण करील?

अदलाबदल होते ती *जिंकण्यासाठी*. मंद घोड्याच्या नावावर चांगला घोडा पळवायचा. नाव मंद घोड्याचं, म्हणून भाव मोठा मिळतो. पाय चांगल्या घोड्याचे, म्हणून शर्यत जिंकतो. भाव म्हणजे शक्यताच. ४-१ भाव म्हणजे एकाला चार नफा, आणि जिंकण्याची शक्यता पाचात एक, २० टक्के. बुकीच्या फळीवर सहा घोडे २-१, ३-१, ४-१, ५-१, ९-१, ९-१ असे असतील तर टक्के होतात ३३.३, २५, २०, १६.७, १०, १०. बेरीज ११५. शंभराच्या वरचे हे पंधरा ही बुकीची सोय. सज्जन खेळणारा या पंधराशी लढत असतो. गुन्हेगाराला मात्र ३३-१ चा घोडा खरं तर २-१ च्या लायकीचा आहे हे ठाऊक असतं, म्हणून त्याला त्या पंधराची फिकीर नसते.

तरी त्याची एक अडचण उरतेच आणि कथेला खरा ताण तिथूनच मिळतो: पैसा लावला की भाव पडतो. टोटवर, म्हणजे सगळ्यांचे पैसे एका कुंडात जमवून जिंकणाऱ्यांत वाटतात तिथे, हे आकड्यांत दिसतं. समजा कुंडात १०० एकक जमलेत आणि चालकांची कपात २० टक्के. तुमच्या घोड्यावर १० लागले असतील तर ८० भागिले १०, म्हणजे एकाचे आठ. आता तुम्ही स्वतः आणखी ३० लावलेत. कुंड १३० चं झालं, कपातीनंतर १०४ उरले, घोड्यावर ४० आहेत, म्हणजे एकाचे २.६. आपल्याच पैशानं आपलाच भाव मारला. म्हणून मोठी टोळी टोटवर खेळत नाही. ती बुकींकडे, ठरलेल्या भावानं, अनेक ठिकाणी लहान लहान रकमा एकाच वेळी लावते.

याचं उत्तम उदाहरण १९७४ चं गे फ्यूचर प्रकरण. इंग्लंडमधलं कार्टमेल हे लहानसं, आडबाजूचं रेसकोर्स. त्याच दिवशी दुसरीकडे पळायच्या दोन घोड्यांशी जोडून गे फ्यूचर या घोड्यावर लंडनभर जोडबाज्या लावल्या, म्हणजे जोडीतले सगळे घोडे जिंकले तरच पैसे. ते दोन घोडे ऐन वेळी काढून घेतले. पळणारच नसलेला घोडा जोडीतून गळतो, तेव्हा सगळा पैसा उरलेल्या एकट्या गे फ्यूचरवर आला. बुकींना रेसकोर्सवर निरोप पोचवून भाव पाडायला वेळच मिळाला नाही. शिवाय घोड्याच्या अंगाला साबण चोळून तो घामाघूम, अस्वस्थ भासवला होता, म्हणजे मैदानावरचे लोक त्याच्यापासून लांब राहिले. घोडा सहज जिंकला. डाव फुटला तो मात्र साध्या कारणानं: बाकीचे दोन घोडे आपल्या तबेल्यातून निघालेच नव्हते. मला यातलं सगळ्यात शिकण्यासारखं हेच वाटतं. सूत्र घोड्यात नव्हतं, घोडा ने-आण करणाऱ्या वाहनात होतं.

तुमच्या खुन्याचा हेतू याच गणितातून येऊ द्या. मोतद्दाराला गुपित कळलं हे पुरेसं नाही. त्यानं स्वतःही थोडे पैसे लावले, गावभर बातमी गेली आणि भाव ३३-१ वरून घसरला, हा हेतू जास्त खरा. शंभरावर ३३०० मिळायचे तिथे ७-२ नं ३५० मिळतात.

---

भोवरा

हिशेबनीस यांच्याशी पूर्ण सहमत. उलटवा तो सांगाडा. आता ओळख.

आजच्या काळात कथा घडत असेल तर अदलाबदल जवळजवळ विसरा. थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीच्या, शिंगराच्या मानेत, डाव्या बाजूला, आयाळीखालच्या जाड स्नायुबंधात तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप घालतात. पंधरा आकडी क्रमांक असतो. रेसकोर्सवर आल्यावर वाचकयंत्र मानेवरून फिरवतात आणि पासपोर्टशी जुळवतात. वर जन्मदात्यांची डीएनए नोंद असते. चिप काढायची तर शस्त्रक्रिया हवी, खूण राहते. दुसरी चिप घातली तर यंत्र दोन्ही वाचू शकतं. आजच्या काळात फट उरते ती माणसाची: यंत्र फिरवलं, पण वहीशी ताडलंच नाही. ही चूक प्रत्यक्षात होते. तीवर कथा उभी राहते, पण मग ती घोड्याची कथा राहत नाही, कार्यालयाची होते.

चिपेच्या आधीचा काळ घेतलात तर मजा आहे. तेव्हा ओळख पटायची ती कागदावरच्या आकृतीवरून. घोड्याची डावी बाजू, उजवी बाजू, डोकं, मानेची खालची बाजू, पाय अशा कोऱ्या आकृत्या छापलेल्या असतात. त्यांवर पांढरे भाग लाल शाईनं आणि भोवरे फुलीनं दाखवतात. टिळा, नाकपुडीपर्यंत उतरलेला पट्टा, खुरापर्यंतचे मोजे सगळे फसवता येतात. पांढरं झाकता येतं, काळ्यावर पांढरं चढवता येतं. *भोवरे फसवता येत नाहीत.* केसांची ती वळणं जन्मतः असतात आणि आयुष्यभर जागा सोडत नाहीत. कपाळावर एक की दोन, डोळ्यांच्या रेषेच्या वर की खाली, मानेच्या कडेला कुठे. रंगारी हे विसरतो. पायांच्या आतल्या बाजूची शिंगासारखी गाठ असते तिचाही आकार प्रत्येक घोड्याचा वेगळा. तुमच्या पशुवैद्य बाईंनी सगळ्यांसारखं पांढऱ्या पट्ट्याकडे न बघता कपाळावर हात फिरवून भोवरा शोधावा. एका वाक्यात तिची हुशारी दिसेल.

रंगकाम किती कच्चं असतं याचं उदाहरण ऑस्ट्रेलियातलं आहे. १८ ऑगस्ट १९८४, ब्रिस्बेनचं ईगल फार्म. फाइन कॉटन या सामान्य घोड्याच्या नावावर बोल्ड पर्सनॅलिटी हा कितीतरी सरस घोडा पळवला. आधी ठरवलेला, तसाच दिसणारा घोडा जायबंदी झाला, म्हणून ऐन वेळी हा आणला आणि त्याचा रंगच वेगळा होता. माणसांच्या केसांचा रंग फासला. फाइन कॉटनच्या मागच्या पायांवर पांढरं होतं, याच्या नव्हतं, म्हणून पांढरा रंग लावला. भाव ३३-१ वरून ७-२ वर कोसळला. घोडा जिंकला, पण पायांवरचा रंग ओघळायला लागला आणि प्रेक्षकच ओरडले की हा तो घोडा नव्हे. शर्यतीवर देखरेख करणाऱ्या स्ट्युअर्डांनी कागद मागवले तेव्हा ट्रेनर सापडेना.

रंग वापरायचाच असेल तर तो कुठे फुटतो ते ध्यानात ठेवा. घोड्याच्या घामात फेस करणारं प्रथिन असतं, म्हणून खोगिराच्या कापडाखाली आणि मागच्या मांड्यांमध्ये पांढरा फेस येतो. कच्चा रंग असेल तर तो फेस पांढरा राहणार नाही. शर्यतीनंतर घोड्याला पाण्यानं धुतात. दुसऱ्या दिवशी चौकशी करायला गेलेल्या व्यक्तीला मोरीत काय दिसेल, हे लिहा.

दात हा जुना पुरावा. अडीच वर्षांच्या सुमारास मधले दोन दुधाचे दात पडून कायमचे येतात, साडेतीनला त्यांच्या शेजारचे, साडेचारला कडेचे. १८४४ च्या इंग्लंडमधल्या डर्बी शर्यतीत, जी तीन वर्षांच्या घोड्यांसाठीच असते, रनिंग रेन म्हणून जिंकलेला घोडा प्रत्यक्षात मॅकाबीअस नावाचा चार वर्षांचा होता. खटला उभा राहिला, तपासणीसाठी घोडा हजर करा म्हटलं, तर तो हजर करताच आला नाही. त्याच शर्यतीत लिअँडर नावाचा घोडा पाय मोडल्यामुळे मारावा लागला होता. त्याच्या जबड्यावरून तोही तिनापेक्षा मोठा असल्याचं पशुवैद्यांनी ठरवलं! एकाच डर्बीत दोन. कथाकारानं रचलं असतं तर कोणी विश्वास ठेवला नसता.

आणि एक देखणं सूत्र, जे मी अजून फारसं वापरलेलं पाहिलं नाही: रंगाची आनुवंशिकता. आई-बाप दोघेही चेस्टनट, म्हणजे अंग आणि आयाळ दोन्ही तांबडी, असतील तर शिंगरू चेस्टनटच होतं. करड्या घोड्याच्या आई-बापांपैकी निदान एक करडा असावाच लागतो. खोटे कागद बनवणाऱ्यानं वजनदार वाटावीत म्हणून दोन नामांकित चेस्टनट नावं आई-बापांच्या रकान्यात लिहिली आणि घोडा काळ्या आयाळीचा कुमैत असला, तर कागद खोटा. घोडा न बघता, खुर्चीत बसून, छापील वंशावळीवरून पकडता येतो.

---

अर्धविराम

डोळे उघडले. सांगाडा उलटवतो. मंद घोड्याच्या नावावर चांगला पळवतात, तो जिंकतो, मग मोतद्दार मरतो. काळ १९७५ च्या आसपासचा ठेवतो. मंद घोडा तोवर दूर एका कुरणात सोडलेला असेल आणि शर्यतीनंतर चौकशी होण्याआधी त्याला परत खणात आणून बांधतील. म्हणजे कोणी तपासलं तर कागदाशी जुळणारा घोडा जागेवर. हे जमेल का? आणि उत्तेजकांचं काय करू?

---

नाडी

घोडे परत बदलण्याची कल्पना चांगली आहे. तीवर शेवटी येते.

उत्तेजकं या कथेत नकोत. ज्याच्याकडे सरस घोडा आहे त्याला औषधाची गरज नाही, आणि जिंकलेल्या घोड्याची तपासणी होते हे त्यालाही माहीत असतं. पण तपासणीची *पद्धत* कथेला उपयोगी आहे, म्हणून थोडक्यात. जिंकलेला घोडा आणि स्ट्युअर्ड सांगतील ते घोडे नमुनाखणात नेतात. लघवीसाठी मऊ पेंढा पसरतात, शीळ घालतात, वाट बघतात. तासभरात झाली नाही तर रक्त घेतात. नमुना दोन बाटल्यांत वाटून मोहोरबंद करतात, क्रमांक टाकतात, तबेल्याच्या प्रतिनिधीची सही घेतात. पहिली बाटली तपासतात, दुसरी राखून ठेवतात आणि पहिलीत काही निघालं तरच उघडतात. इथे कथेसाठी मोलाची गोष्ट ही की सही करणारा माणूस बहुधा मोतद्दारच असतो. घोड्यासोबत तो तास-तास एकटा उभा असतो. पशुवैद्य बाई आणि मोतद्दार यांची एकमेव भेट तिथे घडवा. तिनं घोड्याच्या कपाळावरचा भोवरा नकळत तिथेच पाहिलेला असू दे.

पुढच्या कथांसाठी घोड्याच्या शरीराबद्दल काही सांगते, कारण विषप्रयोग लिहिताना लोक माणसाचं शरीर डोळ्यांपुढे ठेवतात.

घोडा उलटी करू शकत नाही. जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू इतका घट्ट असतो की पोटात गेलेलं वर येत नाही. म्हणून ‘घोड्यानं विष ओकून टाकलं’ हे वाक्य कधीही लिहू नका. घोडा तोंडानं श्वासही घेत नाही, फक्त नाकानं. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या चर्चिल डाउन्सवर काही घोड्यांच्या नाकपुड्यांत खोल स्पंजाचे तुकडे कोंबलेले सापडले. औषध नाही, सुई नाही, रक्तात काही सापडत नाही, पण हवा अर्धी. हे उघडकीला येतं काही दिवसांनी, *एकाच* नाकपुडीतून दुर्गंधीचा स्राव सुरू झाल्यावर. सर्दीत दोन्ही नाकपुड्या वाहतात. एक वाहते तेव्हा आत काहीतरी अडकलेलं असतं किंवा दाताचा, सायनसचा विकार असतो. लघुकथेला याहून नेटकं सूत्र मिळणं अवघड.

शांत घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४, शर्यतीत २२० च्या वर. धावायला लागला की प्लीहा आकुंचन पावून साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडते, म्हणून शर्यतीनंतर लगेच घेतलेलं रक्त खूप दाट दिसतं. ते बघून ‘रक्तात काहीतरी घातलं’ असं म्हणणारा कथेतला डॉक्टर चुकतोय हे जाणकाराला कळतं.

खाद्यातून होणारं दूषण हाही चांगला विषय. कोकोच्या टरफलांतून थिओब्रोमाइन हे उत्तेजक येतं, खसखशीतून मॉर्फिन. कोणाचाही गुन्हा नसताना नमुना सदोष निघतो. १९६८ च्या केंटकी डर्बीत डान्सर्स इमेज पहिला आला आणि फिनाइलब्युटाझोन सापडल्यानं बाद झाला. ते उत्तेजक नव्हे, सांध्यांच्या दुखण्यावरचं औषध. वेदना दाबणं हेही घोड्याला पळवणंच असतं, हा मुद्दा रहस्यकथांत फार कमी येतो.

विषाचीच कथा लिहायची झाली तर आर्सेनिकबद्दल सावध राहा. १८१२ मध्ये डॅनियल डॉसनला इंग्लंडमधल्या न्यूमार्केटच्या पाण्याच्या हौदात आर्सेनिक घातल्याबद्दल फाशी झाली, तेव्हा गोष्ट सोपी होती. पुढे मात्र आर्सेनिक घोड्यांच्या टॉनिकमध्येच असायचं. फार लॅप हा शर्यतीचा नामांकित घोडा १९३२ मध्ये कॅलिफोर्नियात मेला. २००६ मध्ये त्याच्या केसांच्या तपासणीत आर्सेनिक आढळल्याचं जाहीर झालं. तरी वाद मिटला नाही, कारण टॉनिकातूनही ते जातं आणि मेलेल्या प्राण्याचं कातडं टिकवायलाही ते वापरायचे. आयाळीचा केस महिन्याला साधारण दोन सेंटिमीटर वाढतो, म्हणून केसाच्या कोणत्या तुकड्यात द्रव्य आहे यावरून ते कधी गेलं हे मांडता येतं. ‘सापडलं’ एवढ्यावर थांबू नका, *केसात कुठे* सापडलं ते विचारा.

---

काटेकोर

वजनकाट्याबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो. रेसकोर्सवर वेळेचा सगळ्यात पक्का साक्षीदार तोच आहे.

शर्यतीआधी जॉकी खोगीर, शिशाच्या पट्ट्या घातलेलं कापड आणि तंग घेऊन काट्यावर बसतो. हेल्मेट आणि चाबूक साधारणपणे वजनात धरत नाहीत. नेमून दिलेलं वजन भरलं की खोगीर ट्रेनरच्या माणसाच्या हाती जातं. शर्यतीनंतर जॉकीनं स्वतः खोगीर उतरवून थेट काट्यावर जायचं. वाटेत कोणाला काही द्यायचं-घ्यायचं नाही. वजन ठरावीक सवलतीपेक्षा कमी भरलं तर घोडा बाद. काट्याचा निर्णय जाहीर होईपर्यंत पैसे वाटत नाहीत. म्हणून अर्धविराम, ‘घोडा जिंकला आणि लगेच पैसे उचलून पळाले’ असं लिहू नका. मध्ये काही मिनिटं असतात. त्या मिनिटांत गुन्हेगार काय करतो?

खोगीर जॉकीच्या हातून सुटून पुन्हा त्याच्या हाती येईपर्यंत कोणाकोणाच्या हातात असतं, हे फटीचं ठिकाण. शिसं काढायचं तर तिथेच, आणि परतताना भरायचं तर कुठेच नाही. किती शिसं काढलं तर किती फरक पडतो? हँडिकॅप, म्हणजे कोणत्या घोड्यानं किती वजन न्यायचं ते, ठरवणाऱ्यांचा ठोकताळा असा: हजार मीटरच्या आसपास तीन पौंडाला घोड्याची एक लांबी, मैलाच्या शर्यतीत साधारण दोन पौंडांना, दोन मैलांत एका पौंडाला. एक लांबी म्हणजे सुमारे २.४ मीटर, ताशी ६० किलोमीटरला सेकंदाचा सातवा भाग.

दुसरं, फोटो-फिनिश, म्हणजे कोण आधी पोचला ते ठरवणारं अंतिम रेषेवरचं छायाचित्र. बहुतेक कथांत तो साध्या फोटोसारखा लिहितात आणि तिथेच फसतात. तो कॅमेरा अंतिम रेषेवरच्या अरुंद फटीतून *एकच* उभी रेघ सतत टिपतो. चित्रात डावीकडून उजवीकडे जाताना जागा बदलत नाही, वेळ बदलते. म्हणून मागे गर्दी, खांब, झाडं काहीही दिसत नाही, नुसते आडवे पट्टे दिसतात. रेषेवर मंदावलेला घोडा लांबट दिसतो, वेगात गेलेला आखूड. तुमच्या खलनायकानं ‘फोटो-फिनिशमध्ये मागे मी उभा दिसतोय, म्हणजे मी तबेल्यात नव्हतो’ असं म्हटलं तर ते तिथल्या तिथे खोटं ठरतं. तुमच्या १९७५ मध्ये हा कॅमेरा होताच.

---

दावण

सगळे तपशील मोलाचे, पण हे सगळं पाच हजार शब्दांत घालू नका. एवढ्या जागेत वाचकाला नवखी असलेली *एकच* रीत पेलते. ती दोनदा दाखवा. पहिल्यांदा सगळं सुरळीत असताना, सहज, पात्रांच्या बोलण्यात. दुसऱ्यांदा तीच रीत मोडलेली. शेवटच्या पानावर पहिल्यांदा समजावलेली रीत ही फसवणूक वाटते. संशयित तीन पुरेत: ट्रेनर, जॉकी, मालक. चौथा आणलात तर प्रत्येकाला पाचशे शब्दही मिळत नाहीत.

भोवरा यांच्याशी एका ठिकाणी मतभेद. दातांवरून वय हा पुरावा पहिल्या पाच वर्षांत चांगला. त्यानंतर झिजेवरून अंदाज करतात आणि तो चारा, जमीन, चावण्याच्या सवयी यांवर हलतो. सात की नऊ यावर कथेचा शेवट टांगू नका.

कॉनन डॉईलनं १८९२ च्या ‘सिल्व्हर ब्लेझ’ या शेरलॉक होम्सच्या कथेत पांढरा पट्टा झाकून घोडा लपवला, आणि पुढे आपलं रेसचं अज्ञान त्या कथेत ठळक दिसतं हे मोकळेपणानं मान्य केलं. तरी कथा टिकली, कारण कोडं रेसच्या नियमांवर नाही, घोडा आणि माणूस यांच्यात त्या रात्री काय घडलं यावर उभं आहे. तुमचंही उत्तर खणातच शोधा, कार्यालयात नको.

---

अर्धविराम

मग फक्त जखम उरली. खणात शोधायचं तर काय शोधू?

---

नाडी

इथे तुम्ही नकळत स्वतःच उत्तर ठेवलं आहे.

आधी साधा फरक. घोडा लाथ मारतो ती मागच्या पायानं. पुढचा पाय तो उगारतो, आपटतो, पण अंगावर आलेली सणसणीत लाथ म्हणजे मागचा पाय. पुढचा खूर गोलसर असतो, मागचा अरुंद आणि टोकाकडे निमुळता, आणि नालही तसेच घडवतात. कवटीवर उमटलेली कमान बहुधा अर्धवट असते, पण तिची गोलाई मोजता येते. खुन्यानं हाताला लागला तो नाल उचलून मारलं आणि तो पुढच्या पायाचा निघाला, तर जखम गोल येईल. जागाही पाहा. उभ्या माणसाच्या डोक्यापर्यंत लाथ पोचू शकते, पण खुराला पट्टी बांधायला वाकलेल्या माणसाचं डोकं घोड्याच्या मांडीजवळ असतं आणि तो घोड्याच्या इतका जवळ असतो की लाथेला पुरता जोर मिळत नाही, माणूस ढकलला जातो. एकाच जागी दोन-तीन कमानी एकमेकींवर पडलेल्या असतील तर संशय घ्या. लाथ खाल्लेला माणूस दुसऱ्या लाथेपर्यंत त्याच जागी, त्याच कोनात राहत नाही. शर्यतीचे नाल बहुधा ॲल्युमिनियमचे, हलके, आणि सरावाचे पुष्कळदा लोखंडी. जखमेत गंजाचे कण असतील तर तेही काही सांगतात.

आता तुमची कथा. मंद घोडा कुरणात होता म्हणता. कुरणात मोकळा सोडलेल्या घोड्याचे मागचे नाल पुष्कळदा काढून टाकतात, म्हणजे इतर घोड्यांना लाथ लागली तरी इजा कमी होते. तसा तो बिनानालाचा घोडा त्या रात्री घाईघाईनं परत आणून खणात बांधला. खुन्यानं मोतद्दाराला बाहेर नालानं मारलं आणि प्रेत त्या खणात टाकलं. त्याच्या डोक्यात घोडा दुपारी जिंकलेला, चारही पायांत नाल असलेलाच होता.

बाई येतात, घोड्याच्या मागच्या पायावरून हात खाली नेतात, तो सवयीनं पाय उचलतो. खूर उघडा आहे. उघड्या खुराची लाथ बोथट, रुंद असते, तिनं कवटीवर कडेची खोल कमान उमटत नाही. म्हणजे या घोड्यानं माणूस मारला नाही. आणि हा घोडा आज दुपारी पळालेलाही नाही, कारण खुराच्या भिंतीत खिळ्यांची जुनी भोकं आहेत, मातीनं भरलेली, कडा झिजलेल्या. खूर महिन्याला सहा ते दहा मिलिमीटर वाढतो, त्यामुळे भोकं किती खाली सरकली आहेत यावरून नाल काढून साधारण किती आठवडे झाले ते कळतं. मग तिनं नालबंदाची वही मागवावी. दर चार ते सहा आठवड्यांनी नाल बदलल्याची नोंद प्रत्येक घोड्याच्या नावापुढे असते. या घोड्याच्या नावापुढे शर्यतीच्या आदल्या दिवशी चार नवे नाल ठोकल्याची नोंद असू द्या.